पहिलं स्पष्ट, की दुसरं?

आईच्या चष्म्याचा स्क्रू पडला नसता, तर ही गोष्ट घडलीच नसती. आणि पहिल्यांदा तो खरोखर आपोआप पडला होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढच्या स्क्रूंबद्दल मात्र कुणी शपथ घेऊ नये.

चष्म्यांचं ते दुकान अगदी चिंचोळं होतं. एका भिंतीवर फ्रेम्स, समोरच्या टोकाला अक्षरांचा तक्ता, आणि मधल्या टेबलामागे चष्मेवाला. चिमट्यात मुंगीएवढा स्क्रू धरून, श्वास रोखून तो बसवत होता. मायलेकी समोरच्या बाकावर बसून बघत होत्या.

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लेक हातांच्या भाषेतच लहानाची मोठी झाली, तोंडानं बोलणं तिला नंतर आलं. आता ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत होती. तिथं सगळे तिला बाई म्हणत, म्हणून आपणही बाईच म्हणू. हातांच्या भाषेचा एक मोठा फायदा असतो. ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याच्या तोंडावर बोलता येतं. आईनं हा फायदा आयुष्यभर मनसोक्त उपभोगला होता.

"नाक छान आहे," आईचे हात म्हणाले. "आणि बोटात अंगठी नाही."

"आई!" लेकीचे हात म्हणाले.

चष्मेवाल्यानं मान वर केली. "काय म्हणाल्या त्या?"

"स्क्रू… घट्ट बसवा म्हणाल्या."

"एवढं मोठं वाक्य होतं ते?"

"आमच्या भाषेत स्क्रूला जरा जास्त बोलावं लागतं."

तो हसला. कुणाची तरी माफी मागावी तसा, अर्धवट, खाली बघून. बाईनं उगाचच पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

निघता निघता तिला आठवलं. "माझेही डोळे तपासाल का? हल्ली मोबाइलवर बोटं पुसट दिसतात."

"बोटं? अक्षरं नाहीत?"

"अक्षरं छान दिसतात. बोटंच दिसत नाहीत."

असलं गाऱ्हाणं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं तपासणीची जड, गोल फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग बदलत विचारायला सुरुवात केली. "पहिलं स्पष्ट, की दुसरं?… आता? पहिलं… की दुसरं?" आवाज शांत, घाई नाही. भिंग बदलताना त्याचा हात तिच्या कपाळाजवळ यायचा, आणि साबणाचा मंद वास यायचा. तिनं शेवटची ओळ तर वाचलीच, पण तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून दाखवलं.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे," तो म्हणाला. "दोष कुणाचा तरी दुसऱ्याचाच. दाखवा बरं तो मोबाइल."

तिनं दाखवला, आणि मग सगळंच सांगितलं. शाळा वसतिगृहाची. मोठ्या सुट्टीत मुलं दूरदूर आपापल्या घरी जातात, आणि बहुतेकांच्या घरी हातांची भाषा कुणालाच येत नाही. घर माणसांनी भरलेलं आणि बोलायला कुणी नाही, अशी सुट्टी. म्हणून बाई रोज एक गोष्ट हातांनी सांगून तिचा व्हिडिओ पाठवायची. पण तिकडे नेटवर्क यथातथा, फोन जुने. मोठी फाइल उतरायची नाही, आणि लहान केली की बोटांचा लगदा व्हायचा. गेल्या सुट्टीनंतर दुसरीतली चिमणी नावाची मुलगी परत आली ती थेट बाईंपुढे उभी राहिली, आणि तिनं हातांनी विचारलं, "बाई, सुट्टीत तुम्हाला बोटं नव्हती का?"

बाई पुढं म्हणाली, "ती रोज बघत होती हो. काहीच कळत नव्हतं, तरी रोज बघत होती. आणि पुढची सुट्टी आता आलीच."

चष्मेवाला व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागेपुढे करत होता. मघाचा लाजरा माणूस कुठं गेला कोण जाणे. डोळे चमकत होते त्याचे.

"हे बघा. व्हिडिओ आहे तसा पाठवला, तर डोंगराएवढा होतो. म्हणून एन्कोडर नावाचा प्रोग्राम त्याचं गाठोडं बांधतो. गाठोडं लहान व्हायचं, तर काहीतरी मागं ठेवावं लागतं. मग तो काय करतो… जे झपकन हलतं, तिथले बारकावे मागं ठेवतो. पळणाऱ्या माणसाच्या शर्टाची बटणं कोण मोजतंय, असा त्याचा हिशेब."

"आमचं सगळं बोलणं त्या बटणांतच असतं!"

"तेच तर. त्याला बिचाऱ्याला ते कुणी सांगितलंच नाही. आपण सांगू या?"

त्या 'आपण'कडे आईचं लक्ष नव्हतं, कारण तिला ते ऐकूच आलं नाही. पण लेकीचा चेहरा तिनं पाहिला, आणि चष्मा नाकावर नीट बसवून ती समाधानानं तक्ता वाचत बसली.

दिवसभर चष्मे विकणारा हा माणूस फावल्या वेळात एका ओपन सोर्स एन्कोडरसाठी काम करायचा. कुणाच्या मालकीचा नसलेला, आतून बाहेरून उघडा. कुणीही वापरावा, कुणीही आत डोकावून दुरुस्त करावा. जगभरातली माणसं आपापली कामं सांभाळून तो घडवत होती. चष्मेवाल्याला प्रोग्राम लिहिता येत नव्हता. त्याचं काम फक्त बघायचं. दोन व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवायचे, कुठला जुन्या आवृत्तीचा आणि कुठला नव्या ते त्याला सांगायचं नाही, आणि त्यानं ठरवायचं, कुठला स्पष्ट. तिथं त्याला 'डोळस' म्हणत.

"म्हणजे दिवसभर तुम्ही लोकांना विचारता, आणि संध्याकाळी लोक तुम्हाला विचारतात?" बाई पुढच्या भेटीत म्हणाली.

"केलेलं फेडावं लागतं हो."

पुढची भेट झाली, कारण आईचा स्क्रू ढिला झाला होता. त्यापुढची झाली, कारण बाईला डोळ्यांची पुन्हा खात्री करून घ्यायची होती. त्यानंही दर वेळी गंभीर चेहऱ्यानं ती जड फ्रेम चढवली, आणि दर वेळी तेवढ्याच गंभीरपणे सांगितलं, "ठणठणीत."

त्या एन्कोडरच्या त्यानं शिकवलेल्या युक्त्यांनी निम्मं काम झालं. फाइल लहान झाली, चेहरा नीट दिसू लागला. पण बोटं वेगानं हलली की अजून एकमेकांना चिकटत. "आता मंडळींनाच विचारायला हवं," तो म्हणाला, आणि बाईनं त्यांच्या चर्चेच्या पानावर इंग्रजीत नम्रपणे लिहिलं, 'व्हिडिओ नीट होत नाही, कृपया मदत करा.'

उत्तर आलं, 'नीट म्हणजे काय? आवृत्ती कुठली? नमुना कुठे आहे?' लिहिणाऱ्याचं टोपणनाव होतं खारूताई.

"हे काय! नमस्कार नाही, चमत्कार नाही. कोण आहे ही उद्धट खार?"

"बाई, ही फार मोठी असामी आहे. बाईमाणूस की बुवा, आजोबा की कॉलेजकुमारी, कुणालाच माहीत नाही. पण अर्धा एन्कोडर तिनं घडवलाय. खारूताईनं प्रश्न विचारले, म्हणजे 'या, बसा' म्हटलं असं समजा."

"असं 'या, बसा' म्हणतात होय? मग 'चालते व्हा' कसं म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत. ते वाईट."

तिथला रिवाजच होता. 'होत नाही' असं म्हणायचं नाही, नमुना द्यायचा. दोष नेमका दिसेल असा छोटासा तुकडा, कॅमेऱ्यातून निघाला तसा, कशानंही न दाबलेला. बाईनं घरी कॅमेरा टेबलावर ठेवला, आईला त्यामागे बसवलं आणि खूप वेळ हातांनी बोलत राहिली. धडे, गोष्टी, मधूनच आईच्या चौकशा आणि त्यांना उत्तरं, सगळं त्यात आलं. मग दुकानात दोघं डोक्याला डोकं लावून बसले. चष्मेवाल्यानं तिला बघायला शिकवलं. एकेक चित्र थांबवून, मोठं करून, फक्त कडा बघायच्या. अंगठ्याची कड, करंगळीची कड. थांबलेल्या चित्रात अर्थ नसतो, नुसती बोटं असतात. बाईनं सर्वांत वेगवान बोटांचा तुकडा शोधून काढला, कापला आणि धाडून दिला. खारूताईचं उत्तर आलं, 'चांगला नमुना.' चष्मेवाला खुर्चीवरून उठून उभाच राहिला. तो म्हणाला, इतकी स्तुती त्याला आजवर एकदाही मिळाली नव्हती.

आणि मग जे सुरू झालं, ते बघून बाई चकित झाली. कुठल्याशा देशातली एक नर्स जेवणाच्या सुट्टीत बसून निकाल पाठवत होती. एक निवृत्त आजोबा बोटांचे सांधे कसे वळतात यावर लांबलचक लिहीत होते. एका विद्यार्थ्यानं एक उपाय काढला, तो चुकला, त्यानं 'माझं चुकलं' असं सरळ लिहिलं आणि दुसरा काढला. खारूताईनं तर स्वतःच लिहिलेला एक भाग उखडून पुन्हा लिहिला. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, आणि चिमणीला तर त्यांतल्या कुणीच नाही. तरी सगळ्यांनी तिच्या बाईच्या बोटांसाठी डोळे शिणवले.

एका संध्याकाळी चष्मेवाल्यानं बाईच्याच एका धड्याचे दोन व्हिडिओ तिच्याच त्या छोट्या मोबाइलवर लावले.

"पहिलं स्पष्ट, की दुसरं?"

पहिल्यात लगदा होता. दुसऱ्यात तिच्या हाताची पाचही बोटं, वेगळी वेगळी, नखासकट. फाइल तर आणखी लहान. बाईनं बोलायला तोंड उघडलं आणि तिचे डोळे भरून आले.

"आता मात्र मला पुसट दिसतंय," ती म्हणाली. त्यानं चष्मे पुसायचं मऊ फडकं पुढं केलं. "यांचे आभार कसे मानू मी? तोंडही पाहिलं नाही हो मी एकाचंही. पाय धरावेत, तर पाय कुठं आहेत तेही माहीत नाही."

"इथं आभाराची एकच पद्धत आहे. पुढच्या येणाऱ्याला मदत करायची."

तिनं त्याच आठवड्यात सुरुवात केली. कुणीतरी नवखा येऊन 'होत नाही' असं लिहायचा, आणि बाई मायेनं उत्तर द्यायची, "रागावू नका, पण नमुना कुठे आहे?"

सगळं असं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना खारूताईचा निरोप आला. बाईचा तुकडा आता कायमच्या चाचणीसंचात ठेवायचा होता. पुढची प्रत्येक आवृत्ती त्यावर तपासली जाईल, म्हणजे बोटं पुन्हा कुणाकडून बिघडणार नाहीत. त्यासाठी फक्त दोन गोष्टी हव्या होत्या. सर्वांना वापरायची परवानगी, आणि तुकड्यात काय म्हटलंय त्याचं वर्णन.

बाईनं आनंदानं तुकडा लावला. पहिल्यांदाच, न थांबवता, नेहमीच्या वेगानं.

पडद्यावर ती स्वतः कॅमेऱ्यामागच्या आईला भराभर सांगत होती, "पुरे आता, आई! हो, आवडतो मला तो चष्मेवाला. नाक नाही, त्याचं हसणं. डोळ्यांना काही झालेलं नाही, तरी मी परत परत तपासून घेतेय. एवढंही कळत नाही का तुला?"

हात हीच जिची मायबोली, तिनं आपलेच हात वाचले नव्हते! कडा बघण्याच्या नादात शब्द राहूनच गेले होते. तिच्या मनातलं गुपित साऱ्या जगानं थांबवून, मोठं करून, चित्रामागून चित्र बघितलं होतं. नशीब एवढंच, की प्रत्येक देशातली हातांची भाषा वेगळी, त्यामुळे कळलं कुणालाच नव्हतं.

काहीतरी खोटं लिहून देता आलं असतं. 'सातवीचा धडा' म्हटलं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं. पण ज्यांनी तिच्यासाठी एवढं केलं, त्यांच्या संचात खोटं वर्णन ठेवायला तिचं मन धजेना. आणि खरं लिहावं, तर ते 'डोळस' वाचणार. नाही म्हणाला तर? दुकान गेलं, ती शांत विचारणा गेली, संध्याकाळी गेल्या. तिला एकदम कळलं, की गमावण्यासारखं आपल्याजवळ केवढं जमलंय.

शाळा सुटल्यावर ती दुकानात जवळजवळ धावतच गेली. "मला तो नमुना बदलायचाय. दुसरा देते."

"बदलता येईल," तो सावकाश म्हणाला. "पण मग सगळ्यांना सगळे निकाल पुन्हा काढावे लागतील. आणि जे एकदा मोकळं सोडलं, ते परत गोळा करता येत नाही, बाई. खूप जणांनी उतरवून घेतलाय तो. पण का बदलायचा?"

"त्यात मी… धडा सांगत नाहीये."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे तुम्हाला?"

त्यानं हातातली फ्रेम खाली ठेवली. "तुमच्या आईंचा स्क्रू इतक्यांदा कसा पडतो, असं कधी तुमच्या मनात नाही आलं?"

बाईनं नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही शाळेत असता तेव्हा येतात त्या. स्क्रू स्वतःच काढून मुठीत घेऊन येतात. मी तो बसवतो, आणि त्या मला हातांनी बोलायला शिकवतात. फार कडक आहेत हो, चुकलं की हातावर चापट मारतात." तो खाली बघून हसला, तेच ते माफी मागितल्यासारखं. "गेल्या आठवड्यात तुमचा नमुना सहज लावला, आणि… कळला. सगळा."

"आणि तुम्ही गप्प बसलात!"

"ते तुम्ही आईंना म्हणाला होतात. मला नव्हतात म्हणाला. म्हटलं, मला म्हणेपर्यंत थांबावं." त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण आता मला काहीतरी म्हणायचंय. सावकाश म्हणेन. हसू नका."

आणि तो हातांनी बोलू लागला. दुसरीतल्या मुलांहूनही कच्चे हात. एकेक शब्द आठवून, तपासून, मुंगीएवढा स्क्रू बसवावा तसा जपून.

'डोळे… चांगले… तुझे. तरी… ये. रोज… ये.'

त्या भाषेत अहो-जाहो नसतं. बोट समोरच्याकडे वळतं, बस्स. त्याचं बोट तिच्याकडे वळलेलं होतं.

"'रोज' चुकलं," बाई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कुठून तरी लांबून आल्यासारखा. तिनं त्याचा अंगठा धरून नीट वळवला. "असं… 'रोज' असं."

अंगठा तिनं सोडला नाही. त्यानंही सोडवून घेतला नाही.

"मग?" तो हळूच म्हणाला. "उत्तर?"

तिनं तोंडानं सांगितलं, "हो." मग उरलेल्या एका हातानं तेच सांगितलं, आणि मान तिरकी करून विचारलं, "पहिलं स्पष्ट, की दुसरं?"

"दोन्ही," चष्मेवाला म्हणाला. "पण खात्रीसाठी पुन्हा एकदा दाखव."

बाईनं नमुना बदलला नाही. घरी जाऊन परवानगी लिहून दिली, आणि खाली वर्णन लिहिलं, शब्दाला शब्द. शेवटी एक ओळ आपल्या पदरची घातली, 'माझ्या विद्यार्थिनीला सुट्टीत बोटं दिसावीत, म्हणून तुम्ही हे पाहिलंत. मी जन्मभर तुमची ऋणी आहे. आणि ज्याच्याबद्दल मी हे बोलतेय, तो तुमचा डोळसच आहे, आणि मी त्याला हो म्हटलंय.'

नर्सनं आनंदाश्रूंची लांबच लांब रांग पाठवली. निवृत्त आजोबांनी कळवलं, की त्यांना बोटांच्या वेगावरूनच संशय आला होता. विद्यार्थ्यानं 'मला नाही आला' असं प्रामाणिकपणे लिहिलं. आणि सगळ्यांनंतर खारूताईनं, एकही प्रश्न न विचारता, लिहिलं, 'मग बरं झालं. हे स्पष्ट दिसायलाच हवं होतं.'

सुट्टी लागली. मुलं गेली. रोजची गोष्ट आता चष्मेवाला चित्रित करायचा, आणि आई शेजारी स्टुलावर बसून त्याचे हात कॅमेऱ्यात गुंतलेले बघून त्याच्याबद्दल त्याच्यादेखत बोलायची. आता त्याला सगळं कळायचं, पण उत्तर देता यायचं नाही. आईचा फायदा अजूनही गेला नव्हता.

थोड्याच दिवसांत बाईच्या मोबाइलवर चिमणीचा छोटासा व्हिडिओ आला. जुना फोन, भिंतीला टेकवलेला, चौकट वाकडी. पण बोटं लख्ख दिसत होती. तिघं एकाच मोबाइलवर वाकून बघू लागली.

'बाई, तुमची बोटं परत आली,' चिमणी सांगत होती. 'गोष्ट सगळी कळली. मी धाकट्या भावाला पण शिकवली.' मग ती कॅमेऱ्याजवळ आली, आणि डोळे बारीक करून तिनं विचारलं, 'पण बाई, कॅमेऱ्यामागे कोण आहे? तुम्ही गोष्ट आम्हाला सांगता, आणि हसता सारखं त्याच्याकडे बघून. सगळं दिसतं आम्हाला.'